स्पार्कलिंग साके म्हणजे काय? बुडबुडे कुठून येतात, जपानी लेबल मोबाईलवर कसं वाचायचं आणि बाटली कशी उघडायची

अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना ‘साके’ हा शब्द नवा नाही. पण आता पुण्या-मुंबईतल्या जपानी हॉटेलांच्या मेनूमध्ये आणि जपानहून सुट्टीवर आलेल्या मित्राच्या बॅगेत ‘स्पार्कलिंग साके’ नावाची बाटली दिसू लागली आहे. लेबल सगळं जपानीत. आत नेमकं काय आहे, किती कडक आहे, फ्रिजमध्ये ठेवायची की कपाटात, काहीच कळत नाही. कोणी तरी ती सोड्यासारखी हलवून उघडतो आणि अर्धी बाटली छतावर जाते.

आज हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ. आणि हो, आपल्या सोनईत बसून या विषयाशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर थांबा. संबंध आहे, आणि तो उसाच्या मळीपासून सुरू होतो.

आधीच सांगतो: साके हे मद्य आहे. वय बसत नसेल किंवा प्यायचं नसेल, तरी लेख वाचा. यातलं विज्ञान आणि मोबाईलच्या युक्त्या सगळ्यांच्या कामाच्या आहेत.

साके म्हणजे नेमकं काय?

साके म्हणजे तांदळापासून आंबवून केलेलं पेय. त्याला ‘राइस वाईन’ म्हणतात, पण ते पूर्ण बरोबर नाही. द्राक्षात साखर तयारच असते, यीस्टला फक्त खायचं असतं. तांदळात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च थेट पचत नाही. मग मधे कोणीतरी लागतं.

ते काम करते कोजी नावाची बुरशी. शास्त्रीय नाव आस्परजिलस ओरायझी. वाफवलेल्या तांदळावर ही बुरशी मुद्दाम वाढवतात. ती स्टार्च तोडून साखर करते, आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत राहतं. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा एकच गट कामाला लागतो. इथे दोन गट एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. त्यामुळे आंबवण्यातूनच अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. नेहमीची साके पाणी घालून साधारण 15-16 टक्क्यांवर आणतात.

कोजी वापरून पेय बनवण्याच्या या जपानी कौशल्याचा डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

मग बुडबुडे कुठून येतात?

यीस्ट साखर खातं तेव्हा दोन गोष्टी बाहेर टाकतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हिशोब बघा. 100 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर जास्तीत जास्त 51 ग्रॅम अल्कोहोल आणि 49 ग्रॅम वायू तयार होतो. म्हणजे जवळपास निम्मी साखर हवेत जाते! साध्या साकेत हा वायू उडून जातो. स्पार्कलिंग साकेत तो पकडून ठेवतात. त्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत:

- वायू भरून: तयार साकेत दाबाने कार्बन डायऑक्साइड मिसळतात, आपल्या सोड्यासारखाच. पद्धत स्वस्त आहे आणि प्रत्येक बाटली सारखी निघते.
- बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून: बाटली बंद केल्यावरही आत यीस्ट जिवंत असतं. ते उरलेली साखर खातं, वायूला बाहेर जायला जागा नसते, म्हणून तो पेयात विरघळतो. शॅम्पेनचं तत्त्व हेच.
- जिवंत निगोरी: जाडसर गाळलेली, दुधाळ दिसणारी साके. तळाशी तांदळाचा गाळ आणि जिवंत यीस्ट. उघडताना सगळ्यात जास्त उसळणारी हीच.

ढोबळमानाने एका लिटरमध्ये 4 ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की सुमारे एक बार दाब वाढतो. 14 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर आंबली तर साडेतीन बार. कारच्या टायरमध्ये 32-35 पीएसआय हवा असते, तर साडेतीन बार म्हणजे सुमारे 50 पीएसआय. टायरपेक्षा जास्त दाब, तोही काचेच्या बाटलीत! पुढे बाटली उघडण्याचा भाग येईल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा.

एका गावाने हे का केलं?

जपानमध्ये साकेचा खप 1970 च्या दशकापासून घसरत गेला. आज तो तेव्हाच्या एक तृतीयांशही नाही. तरुण मंडळी बिअर, वाईन आणि हायबॉलकडे वळली. मग कंपन्यांनी हलकी, गोड, फसफसणारी साके आणली. मियागी प्रांतातल्या इचिनोकुराची ‘सुझुने’ 1998 ची, ताकारा कंपनीची ‘मिओ’ 2011 ची. दोन्हींत अल्कोहोल साधारण 5 टक्के, बिअरइतकंच.

दुसरी वाट गुन्मा प्रांतातल्या कावाबा गावातून निघाली. तिथे नागाई शुझो ही 1886 पासूनची साके बनवणारी घरची कंपनी आहे. तिचे नोरियोशी नागाई यांनी ठरवलं की शॅम्पेनसारखी पारदर्शक, बाटलीतच फसफसलेली साके बनवायची, आणि तीही फक्त तांदूळ, कोजी आणि पाणी वापरून. शेकडो प्रयोग फसले, बाटल्या फुटल्या. शेवटी 2008 मध्ये ‘मिझुबाशो प्युअर’ बाजारात आली. 2016 मध्ये अशा उत्पादकांनी ‘आवासाके’ नावाची संघटना काढली. ‘आवा’ म्हणजे फेस, बुडबुडे. त्यांचे नियम कडक आहेत: तांदूळ जपानीच, वायू बाटलीत नैसर्गिकरीत्या तयार झालेला, पेय पारदर्शक, अल्कोहोल किमान 10 टक्के, आणि 20 अंश तापमानाला दाब किमान 3.5 बार.

गाव तेच, तांदूळ तोच, पाणी तेच. प्रक्रिया बदलली आणि पेल्यातला माल वेगळ्या किमतीला विकला जाऊ लागला. शेतमाल पिकवणाऱ्या कुठल्याही भागाने ही गोष्ट नीट बघावी अशी आहे.

सोनईशी याचा काय संबंध?

सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना आपल्या सगळ्यांना माहीत आहे. साखर काढल्यावर मळी उरते. डिस्टिलरीत त्या मळीत यीस्ट सोडतात, ती आंबते आणि मग उर्ध्वपातन करून अल्कोहोल वेगळं काढतात. हेच इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. देशात मिश्रणाचं प्रमाण 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोहोचलं. तुमच्या बाईकच्या टाकीतला पाचवा हिस्सा यीस्टची कमाई आहे असं समजा.

यात काम करणारं यीस्ट, पावातलं यीस्ट आणि साकेतलं यीस्ट, सगळे एकाच प्रजातीचे: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फक्त वाण वेगळे. जसं ज्वारीत मालदांडी वेगळी आणि हायब्रीड वेगळी, तसंच.

फसफसणाऱ्या बाटल्याही महाराष्ट्राला नव्या नाहीत. पुणे जिल्ह्यात नारायणगावला इंडाज कंपनीने 1980 च्या दशकातच शॅम्पेनच्या पद्धतीची वाईन काढली आणि ती परदेशात पाठवली. आज नाशिकची सुला आणि दिंडोरीची शॅंडन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून स्पार्कलिंग वाईन बनवतात. म्हणजे ही पद्धत शिकलेली माणसं सोनईपासून काही तासांच्या अंतरावर आहेत.

एक गोष्ट जिवावरची

आंबण्यातून वायू निघतो हे फक्त बाटलीपुरतं नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो टाकीच्या, खड्ड्याच्या, विहिरीच्या तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. शेणाच्या स्लरीत तर मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडही असतात. एप्रिल 2024 मध्ये आपल्याच नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेलं मांजर वाचवायला एकामागून एक माणसं उतरली आणि पाच जण गेले.

मोबाईलचा टॉर्च मारून तळ दिसतो, वायू दिसत नाही. आपल्या फोनमध्ये असा वायू ओळखणारा सेन्सर नसतो. प्ले स्टोअरवरचं कुठलंही ‘गॅस डिटेक्टर’ अ‍ॅप यावर उपाय नाही. कोणी आत पडलं तर स्वतः उतरू नका. 112 ला फोन करा, माणसं लांब ठेवा, दोर आणि श्वसनाची साधनं असलेल्या लोकांची वाट बघा. थांबणं अवघड असतं, पण दुसरा माणूस उतरला की वाचवायचे दोन होतात.

जपानी लेबल मोबाईलवर कसं वाचायचं?

1. घरून निघण्याआधी गूगल ट्रान्सलेट अ‍ॅपमध्ये जपानी भाषा ऑफलाइनसाठी डाऊनलोड करून ठेवा. दुकानात रेंज नसेल तरी काम होतं.
2. बाटलीच्या पुढच्या बाजूचं ब्रशने लिहिलेलं मोठं नाव स्कॅन करत बसू नका. सजावटीची, उभी अक्षरं कॅमेऱ्याला नीट वाचता येत नाहीत. बाटली फिरवा आणि मागचं छापील लेबल घ्या.
3. बाटली गोल असते, त्यामुळे कडेची अक्षरं वाकडी येतात. आधी फोटो काढा, मजकूर मधोमध ठेवा, मग तो फोटो लेन्समध्ये उघडा. एका फोटोत सगळं बसत नसेल तर बाटली थोडी थोडी फिरवून दोन-तीन फोटो घ्या.
4. मराठी भाषांतर विचित्र आलं तर इंग्रजी निवडून बघा. दोन्ही ताडून अर्थ लावा.
5. आकडे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. भाषांतरात आकडा हलला तर मोठी गडबड होते.

एक सोपी खूण: साकेचं अधिकृत नाव ‘सेइशू’ दोन चित्राक्षरांनी लिहितात. दोन्हींच्या डाव्या बाजूला पाण्याच्या थेंबासारखे तीन छोटे फटकारे असतात. ‘आवा’ या अक्षरातही तेच तीन थेंब आहेत. पाण्याशी नातं असलेली बरीच अक्षरं जपानीत अशीच लिहितात.

मागच्या लेबलवर हे शब्द शोधा:

- अरुकोरुबुन: अल्कोहोलचं प्रमाण. 5 आहे की 15, हे सगळ्यात आधी बघा.
- बिन्नाइ निजी हाक्को: बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेलं.
- तान्सान गासु: घटकांच्या यादीत हे दिसलं तर कार्बन डायऑक्साइड वेगळा मिसळला आहे.
- योरेइझो: फ्रिजमध्येच ठेवा. हा शब्द असेल तर कपाट विसरा.
- काइसेन च्यूई: उघडताना सावधान. हा शब्द दिसला की बाटलीला हात लावण्याआधी खालचा भाग वाचा.
- सेइमाई बुआई: तांदूळ घासून किती उरला ते. 60 टक्के म्हणजे 40 टक्के भाग काढून टाकला. इथे बरेच जण उलटा अर्थ लावतात.

तारखेतही गंमत आहे. जपानी लोक आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. कधी वर्षाच्या जागी फक्त 6 किंवा 7 असतं. तो रेइवा या सम्राटाच्या काळाचा आकडा. त्यात 2018 मिळवा: 6 म्हणजे 2024, 7 म्हणजे 2025. बाटली फार जुनी आहे असं वाटून फेकू नका, आणि खरंच जुनी असेल तर नवी समजू नका.

ऑनलाइन शोधताना इथे पैसे जातात

साके सगळ्या वाईन शॉपमध्ये मिळत नाही, म्हणून लोक गूगलवर दुकानाचा नंबर शोधतात. इथेच ठग बसलेले असतात. नामांकित दुकानाच्या नावाखाली स्वतःचा नंबर टाकायचा, ‘होम डिलिव्हरी आहे, आधी पेमेंट करा’ म्हणायचं, मग ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ म्हणून आणखी पैसे काढायचे, ही जुनी पद्धत आहे. लक्षात ठेवा:

- पैसे *घेण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.
- ओटीपी, कार्डाचा मागचा नंबर फोनवर कोणालाच सांगायचा नाही.
- स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं की फोन ठेवा.
- फसलात तर लाजू नका. लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

दारूच्या खरेदीत फसलेला माणूस घरी कळेल म्हणून गप्प बसतो. ठगांचा सगळा धंदा या गप्प बसण्यावर चालतो.

बाटली थंड करणं आणि उघडणं

गरम द्रवात वायू टिकत नाही, थंडात टिकतो. म्हणून उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतून आणलेली बाटली लगेच उघडली तर फवारा ठरलेला. फ्रिजमध्ये काही तास उभी ठेवा, साधारण 5 अंशापर्यंत गार होऊ द्या. घाईने फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. 5 टक्क्यांचं पेय फ्रीझरमध्ये गोठतं, फुगतं आणि काच फुटते.

बुचाची बाटली: तोंड माणसांपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब. तार सोडताना बुचावर अंगठा ठेवा. बाटली थोडी तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच नाही, *बाटली* फिरवा. आवाज ‘ठो’ नाही, ‘फुस्स’ यायला हवा.

फिरकीच्या झाकणाची निगोरी: झाकण अगदी थोडं सैल करा. फेस वर चढताना दिसला की लगेच बंद करा. खाली बसला की पुन्हा सैल करा. असं पाच-दहा वेळा करावं लागेल. काही बाटल्यांच्या झाकणाला वायू जायला बारीक भोक असतं. अशी बाटली कधीही आडवी ठेवू नका.

हातात दाबाची बाटली असताना दुसऱ्या हाताने रील काढू नका. शूटिंग दुसऱ्याला करू द्या, तेही थोडं लांबून.

चव कशी घ्यायची?

स्टीलच्या पेल्यात बुडबुडे दिसत नाहीत. काचेचा उभा, अरुंद ग्लास घ्या. आधी थोडंसंच ओता, वास घ्या. तांदळाचा, कधी केळं किंवा सफरचंदासारखा वास येतो. हे वास यीस्ट तयार करतं, कोणी फळ टाकत नाही.

5 टक्क्यांची साके गोड-आंबट असते. तिच्याबरोबर खारे शेंगदाणे, कांदा भजी, कोथिंबीर वडी छान लागते, कारण बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल साफ करतात. 10 टक्क्यांवरची कोरडी आवासाके तळलेल्या माशाबरोबर चांगली. झणझणीत नगरी रस्सा मात्र वेगळा ठेवा. अल्कोहोल आणि बुडबुडे दोन्ही तिखटाची आग वाढवतात, मग साकेची चवही कळत नाही.

वय, परवाना आणि प्रमाण

महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची अट 25 वर्षं आहे. सौम्य बिअरसारख्या पेयांना ती 21 आहे, पण साकेसाठी 25 धरून चला. मद्य बाळगायला आणि प्यायला परवानाही लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिकडे जाताना बॅगेत बाटली नको. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

आता प्रमाण. 5 टक्क्यांच्या 300 मिलीच्या बाटलीत सुमारे 12 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 12 टक्क्यांच्या 720 मिलीच्या बाटलीत सुमारे 68 ग्रॅम, म्हणजे बिअरच्या अडीच मोठ्या बाटल्यांएवढं! गोड आणि गार असल्यामुळे हे जाणवत नाही, आणि फसफसणाऱ्या पेयातलं अल्कोहोल काही जणांच्या रक्तात लवकर उतरतं. आरोग्याच्या दृष्टीने अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गाडी चालवायची असेल तर एक घोटही नाही. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि रात्रीच्या शिंगणापूर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर बिनलाइटचे उभे असतात.

दारू नको, पण मजा हवी?

कोजीपासून जपानी लोक ‘अमाझाके’ नावाचं गोड पेय करतात. नावात साके असलं तरी कोजी आणि तांदळाच्या अमाझाकेत यीस्ट नसतं, त्यामुळे दारू बनत नाही. गोडी पूर्णपणे तांदळाच्या स्टार्चची.

आणि आपला गोटी सोडा! हायरम कॉड या ब्रिटिश इंजिनिअरने 1870 च्या दशकात ही बाटली काढली. वायूचा दाब गोटीला आतून वर ढकलतो आणि तोंड बंद होतं. जत्रेत आपण जी बाटली फोडतो, तीच जपानमध्ये ‘रामुने’ नावाने मुलं आजही पितात.

घरी एक प्रयोग करा. स्वच्छ काचेच्या ग्लासात सोडा ओता, मागे काळा कागद धरा आणि मोबाईलवर स्लो मोशन लावा. 240 फ्रेमवर शूट करून 30 ला बघितलं तर सगळं आठपट हळू दिसतं. बुडबुडे कुठूनही निघत नाहीत, ठरावीक ठिकाणाहून एकामागून एक सुटतात आणि वर जाताना मोठे होतात, हे दिसेल. त्या जागी काचेवर बारीक ओरखडा किंवा फडक्याचा धागा असतो. आता ग्लास फडक्याने पुसून पुन्हा शूट करा आणि फरक बघा.

नेहमीचे प्रश्न

*उघडलेली बाटली किती दिवस टिकते?* वायू एक-दोन दिवसांत उडतो. झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि लवकर संपवा.

*तळाशी पांढरा गाळ दिसतो, खराब झाली का?* निगोरीत तो असणारच. पण पारदर्शक साके अचानक गढूळ झाली आणि आंबूस वास आला, तर पिऊ नका.

*घरी बनवू का?* नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. शिवाय 50 पीएसआयचा दाब साध्या काचेच्या बाटलीला झेपत नाही, ती बॉम्बसारखी फुटते. आंबवण्याची आवड असेल तर इडलीचं पीठ, आंबील, विरजण आहेतच. आणि त्यात पुढे शिकायचं असेल तर बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजी किंवा अल्कोहोल टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांची माहिती काढा. ज्या भागात साखर कारखाने आहेत, तिथे यीस्ट ओळखणाऱ्या माणसाला काम मिळतं.